‘झालं तर काय’ पत्रकं : ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या कामाच्या नोंदी

१२ एप्रिल

कमिटीने आज ‘झालं तर काय’ पत्रकांचं काम मंजूर केलं: अमुक झालं तर पहिलं काय करायचं, ते सांगणारी पत्रकं. खर्च फारसा नाही: पत्रकं छापून लॅमिनेट करणं, काही रिचार्जेबल टॉर्च, वॉचमनच्या केबिनमध्ये किल्ल्यांचा बोर्ड आणि एक जाड वही. जबाबदारी माझ्याकडे, मदतीला खजिनदार मॅडम आणि बी विंगमधला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी.

निमित्त मार्चमधल्या लिफ्टचं. वीज गेली आणि ए विंगची लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत शाळेतून आलेली दोन मुलं आणि एक आजोबा. बघता बघता जिन्यात गर्दी झाली. प्रत्येक जण वेगळ्या माणसाला फोन लावत होता, आणि कुणीतरी शेजारच्या बांधकामावरून पहार आणून दार उचकटायला लागलं होतं. तेवढ्यात लिफ्टचा मेकॅनिक किल्ली घेऊन पोचला आणि तिघं सुखरूप बाहेर आली.

त्यानंतरच्या मीटिंगच्या इतिवृत्तात ‘सभासदांनी अशा प्रसंगी शांत राहावे’ असं वाक्य लिहिलं गेलं. त्या वाक्याने काही होणार नाही असं मला मनापासून वाटतं. आत स्वतःचं मूल रडत असताना बाहेरच्या बापाला शांत राहा म्हणणं म्हणजे त्याला एकटं सोडणं आहे. माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये झाली. तिथे जी माणसं गडबडीत शांत दिसायची, त्यांचा स्वभाव थंड होता असं नाही. घरी ती इतरांसारखीच चिडायची. पॅनलवर मात्र पहिलं काय करायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असायचं. सोसायटीत तेच करून बघायचं आहे: निवांत वेळी ठरवायचं आणि घाईच्या वेळी फक्त ठरलेलं करायचं.

१९ एप्रिल

आजची बैठक ‘हे खरंच लागतं का’ या प्रश्नावर गेली. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहून ठेवतो.

भोपाळची दुर्घटना २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्रीची. त्यानंतर देशात कायदे बदलले. १९८९ मध्ये घातक रसायनांबाबतचे नियम आले. त्यांच्याखाली येणाऱ्या मोठ्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा करावा लागतो आणि त्याची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते. आमच्याकडे सायरन वाजला की वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघायची आणि वाऱ्याला आडवं चालत असेंब्ली पॉइंटला जायचं. नवीन पोरं पहिल्या ड्रिलला हसत यायची. पण काही ड्रिल झाल्या की सायरन ऐकताच त्यांची मान आपोआप त्या पिशवीकडे वळायची. ती मान वळणं मला महत्त्वाचं वाटतं. घाबरायला झालं तरी मान वळते, आणि मान वळली की पुढचं सुचतं.

मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांचा १९९९ चा लेख प्रसिद्ध आहे. नुसतं ‘मी अमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक घडलं तर मी तमुक करीन’ असं प्रसंगाशी बांधून ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी दाखवलं. प्रसंग समोर आला की ठरलेली कृती सुरू व्हायला वेगळा निर्धार करावा लागत नाही. आमच्या पत्रकांचा साचा त्यामुळे आपसूक ठरला: डाव्या बाजूला ‘हे झालं तर’, उजव्या बाजूला ‘पहिलं हे’.

विद्यार्थ्याने विचारलं, पहिलं एकच का? कारण घाबरलेल्या माणसाला दहा ओळी वाचता येत नाहीत. पहिली कृती नीट झाली की दुसरी वाचण्याइतकं भान परत येतं.

२७ एप्रिल

लिफ्टचं पत्रक. मेकॅनिकला चहाला बोलावलं होतं, तो दोन तास थांबला. इतकं नीट समजावणारा माणूस इतकी वर्षं आपल्या इमारतीत येत होता आणि आपण त्याला फक्त ‘लवकर कर’ म्हणत होतो, असं खजिनदार मॅडम म्हणाल्या.

त्याने सांगितलेलं इथे लिहितो, कारण भीती कमी करायला माहितीसारखं दुसरं काही नाही. लिफ्ट एका दोरावर लटकत नाही. दोर अनेक असतात. ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो, म्हणजे वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. त्यावर वेग मर्यादेबाहेर गेला तर पकड घेणारी वेगळी यंत्रणा असते. केबिन हवाबंद नसते, तिला वायुविजनाची भोकं असतात, त्यामुळे आत गुदमरण्याची भीती धरायचं कारण नाही. थोडक्यात, अडकलेली लिफ्ट ही बहुतेक वेळा सुरक्षित जागा असते. धोका सुरू होतो तो तिच्यातून बाहेर पडण्याच्या घाईत. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असेल आणि दार जबरदस्तीने उघडलं तर केबिनच्या तळाखाली शाफ्ट, म्हणजे लिफ्टची उभी पोकळी, उघडा राहतो. उडी मारणारा पाय मजल्यावर पडण्याऐवजी त्या फटीत जाऊ शकतो. शिवाय मध्येच वीज आली तर लिफ्ट हलू शकते.

आमच्या लिफ्टला वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत नेणारं उपकरण आहे, पण बॅटरी केव्हाच संपली होती. ती बदलायला टाकली. मार्चचा सगळा गोंधळ या एका बॅटरीने टळला असता. तिची तारीख वहीत पहिल्या पानावर.

पत्रकात आतल्या माणसासाठी: ‘घंटा दाबा. खाली बसा. दाराला हात लावू नका.’ बसा हा शब्द मी आग्रहाने ठेवला. बसलेला माणूस दार उचकटत नाही.

बाहेरच्यांसाठी: ‘एक जण दारापाशी उभा राहून आतल्यांशी बोलत राहील. दुसरा मेकॅनिकला फोन करील. बाकीचे खाली जातील.’ बोलत राहणाऱ्याने काय बोलायचं तेही लिहिलं आहे: फोन झाला आहे, माणूस निघाला आहे, मी इथेच आहे. आत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हा आवाज औषधासारखा असतो.

४ मे

आज पत्रकांची मांडणीच बदलली. आधीचे मथळे होते: गॅस गळती, शॉर्टसर्किट, आग. आता ते ‘वास आला तर’, ‘ठिणग्या दिसल्या तर’, ‘धूर दिसला तर’ असे आहेत.

यामागे एक जुना धडा आहे, आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासलेला. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पहाटे बिघाड झाला. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि पुन्हा बंद झाला नाही. पॅनलवरचा दिवा मात्र तो बंद झाल्यासारखा दिसत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता, बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. एका मीटरवर पाण्याची पातळी वाढताना दिसली, म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन थंडाव्याचं पाणी कमी केलं. प्रत्यक्षात अणुभट्टीच्या गाभ्याला पाण्याचीच गरज होती. गाभ्याचा मोठा भाग वितळला.

ती माणसं बेजबाबदार नव्हती. पातळी फार वाढू देऊ नका, हेच त्यांच्या मनावर बिंबवलेलं होतं. कारण काय असावं याचा तर्क त्यांनी लगेच बांधला आणि त्या तर्काप्रमाणे वागले. पुढे अणुकेंद्रांच्या आपत्कालीन कार्यपद्धती बदलल्या. काय बिघडलं हे ओळखा आणि मग कृती करा, या क्रमाऐवजी लक्षणं बघून कृती ठरवण्याची पद्धत आली. कारण नंतर सापडलं तरी चालतं.

घरातही आपण तसेच तर्क बांधतो. ‘खालच्यांनीच काहीतरी केलं असणार’, ‘मुद्दाम गाडी आडवी लावली’, ‘वॉचमन झोपला होता’. कारण ठरलं की राग येतो, आणि रागाच्या मागोमाग हात किंवा जीभ चालते. पत्रक फक्त दिसेल, ऐकू येईल, वास येईल तेवढ्यावर बोलणार. कोणामुळे हा रकाना कुठेच नाही.

११ मे

स्वयंपाकघराचं पत्रक. यासाठी दोन्ही विंगमधल्या बायकांची बैठक घेतली, स्वयंपाक करणारे दोन पुरुषही आले.

आमच्याकडे काही घरांत पाइपचा गॅस आहे, काहींत सिलिंडर. दोन्हींचं वागणं वेगळं. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेनचा, हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. मुळात दोन्हींना वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. म्हणजे तो वास ही आधीच देऊन ठेवलेली सूचना आहे.

विजेचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. हे बहुतेकांना माहीत होतं. तरी मी एक प्रयोग केला. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हटलं, रात्रीचे दोन वाजलेत, वासाने जाग आली आहे, स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात, हात कुठे आहे? बहुतेकांनी डोळे उघडून हसून सांगितलं: बटणावर. एकीने सांगितलं, एक्झॉस्टच्या बटणावर, वास घालवायला.

माहिती आणि सवय यांच्यात हातभर अंतर आहे ते हे असं. ‘बटणाला हात लावू नका’ एवढं लिहून भागत नाही. रिकामा हात बटणाकडेच जाणार. हाताला दुसरं काम द्यायला हवं. म्हणून पत्रकातली पहिली ओळ झाली: ‘दोन्ही हातांनी खिडकी उघडा.’ मग रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद, मग सगळे घराबाहेर, आणि फोन बाहेर गेल्यावर. सिलिंडरसाठी १९०६, पाइपच्या गॅससाठी बिलावरचा आपत्कालीन क्रमांक.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतण्याची ऊर्मी तितकीच जबर असते. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं आणि तापलेल्या तेलात क्षणात वाफ होतं. वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. इथे हाताला दिलेलं काम: झाकण. तळण सुरू करण्याआधी कढईपेक्षा मोठं झाकण ओट्यावर काढून ठेवायचं, अशी सूचना तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी केली. त्यांच्या सासूबाई तसंच करायच्या म्हणे. सूचना जशीच्या तशी घेतली.

१८ मे

वॉचमन. मला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो आणि सोसायट्यांमध्ये सर्वात दुर्लक्षित. रात्री काहीही झालं तरी पहिला माणूस तोच असतो, आणि त्यालाच कोणी काही शिकवलेलं नसतं.

रात्रपाळीचे वॉचमनमामा साताऱ्याकडचे. त्यांनी पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, “साहेब, रात्री चष्म्याशिवाय हे दिसायचं नाही मला.” अक्षरं दुप्पट केली, चित्रं घातली, रंग ठरवले: लाल आग, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा लिफ्ट. त्याच रंगाची खूण किल्ल्यांना.

आणखी एक गोष्ट त्यांनी सुचवली. फोनवर लोक ओरडतात आणि ठेवून देतात, कुठल्या घरातून फोन होता तेच कळत नाही. म्हणून आता नियम: वॉचमनने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. “बी विंग, पाचवा मजला, वास येतोय. बरोबर?” विमानतळाच्या कंट्रोलमध्ये आणि कारखान्याच्या वॉकीटॉकीवर हेच चालतं. परत म्हणण्यात दोन-तीन सेकंद जातात, आणि ओरडणाऱ्याचाही आवाज तेवढ्यात खाली येतो. मामांनी हे दोन दिवस करून बघितलं आणि स्वतःहून सांगितलं, “माणूस गप हुतोय.”

फोन क्रमांक केबिनच्या आतल्या भिंतीवर रंगवून घेतले: ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, महावितरण १९१२, गॅस १९०६, लिफ्टचा मेकॅनिक.

२५ मे

मॉक ड्रिल, रात्री साडेनऊला, जिन्यातले दिवे घालवून. उजेडात घेतलेली ड्रिल उजेडापुरतीच उपयोगी. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले. मुलं सर्वात चटकन शिकली. एका मुलीने तर अडकलेल्या लिफ्टमधल्या ‘आजोबांशी’ असं काही बोलणं केलं की अभिनय करणारे शेजारी खरोखर भारावले.

बदल एकच: टॉर्च केबिनमध्ये राहिले तर वरच्या मजल्यांना उपयोग नाही. आता एकाआड एक मजल्यावर फायर होजच्या पेटीशेजारी खुंटीला टॉर्च. दर वर्षी जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचा फॉर्म बी भरावा लागतो. त्याच दिवशी टॉर्चही तपासायचे.

८ जून

ग्रुपवरची भांडणं यात घ्यावीत का, यावर कमिटीत दोन मतं होती. मी घ्यावीत या बाजूचा. लिफ्ट वर्षातून एकदा अडकते, मेसेज रोज अडकतात.

‘बोलून मोकळं व्हावं’ असं सगळेच म्हणतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हे तपासलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले. काहींना दुसऱ्या विषयाचा विचार करत ठोसे मारायला लावले, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. पहिल्या गटाचा राग सर्वात जास्त राहिला. नंतर सर्वात कमी आक्रमक वागले ते नुसते बसलेले. ग्रुपवर रात्री साडेअकराला लिहिलेला मेसेज हा त्या बॅगेवरच्या ठोशाच्याच जातीचा.

पण लोकांवर बंदी घालायला मी तयार नव्हतो. रागाला बहुतेक वेळा खरं कारण असतं. पाणी आलं नाही तर माणूस चिडणारच. म्हणून आधी कारणाकडे गेलो. नवी मुंबईला मुख्यतः महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी, आणि दुरुस्तीसाठी शटडाऊन असेल तर ते आधी जाहीर होतं. ती बातमी आमच्याकडे टाकी रिकामी झाल्यावर पसरायची. आता सकाळपाळीचा वॉचमन टाकीची पातळी बघून सहा वाजता ग्रुपवर टाकतो. शटडाऊन असेल तर आदल्या संध्याकाळी खजिनदार मॅडम कळवतात. पाण्यावरून होणारी भांडणं जवळपास थांबली. कुणालाही संयम शिकवावा लागला नाही.

पार्किंगसाठी वेगळं पत्रक: ‘गाडी आडवी दिसली तर पहिलं: वॉचमनला सांगा.’ मालकाला फोन तो करील. दोन चिडलेली माणसं समोरासमोर येण्याआधी मध्ये एक न चिडलेला माणूस असावा, एवढाच हेतू.

२९ जून

पावसाचं पत्रक लावलं. नवी मुंबईचा बराच भाग सखल आहे. सिडकोने शहर वसवताना धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी तिथे साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. भरतीच्या वेळी तलावांची दारं मिटलेली राहतात. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी मागे चढतं. म्हणजे आमच्या स्टिल्टमध्ये, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, पाणी कधी येऊ शकतं याचा अंदाज भरतीच्या वेळापत्रकावरून आधीच करता येतो. जुलै-ऑगस्टमधल्या मोठ्या भरतीचे दिवस केबिनमध्ये लावले. त्या दिवशी दुचाक्या आधीच वर. मीटर रूमच्या उंबऱ्यावर निळा पट्टा रंगवला: पाणी तिथे पोचलं की इलेक्ट्रिशियनला फोन आणि स्टिल्टमध्ये कोणीही उतरायचं नाही, गाडी कितीही महागाची असो.

१७ जुलै

काल रात्री बी विंगमध्ये गॅसचा वास. ज्यांनी केलं त्यांच्याकडून ऐकून आजच लिहून ठेवतो.

साडेबाराच्या सुमारास पाचव्या मजल्यावरच्या ताईंना जिन्यात वास आला. त्यांनी मामांना फोन केला, मामांनी परत म्हणून दाखवलं. ताईंनी खुंटीवरचा टॉर्च घेतला आणि तो जिन्यातच, वासापासून दूर, खालच्या मजल्यावर जाऊन लावला. मग समोरच्या दाराशी आल्या. बेल वाजवायला हात उचलला होता, तो मुठीत वळवून दार ठोठावलं. बेलचं पत्रकात नव्हतं. त्यांना त्या क्षणी सुचलं, आणि मला या सगळ्या कामातली ही सर्वात मोठी कमाई वाटते. पहिली पावलं ठरलेली असल्यामुळे त्यांच्या डोक्यात न ठरलेल्या गोष्टीसाठी जागा शिल्लक होती.

आत एकट्या राहणाऱ्या काकू. झोपेतून उठल्या, सवयीने बटणाकडे वळल्या. ताई बाहेरून ओरडल्या, “काकू, दिवा नको! खिडकी! दोन्ही हातांनी!” काकूंनी पडदा सारून खिडकी उघडली, मग दार. रेग्युलेटर ताईंनी बंद केला. बाल्कनीचं दार उघडलं, कारण सिलिंडरचा गॅस खाली साचतो. तोवर मामांनी वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांना ठोठावून जिन्याने उतरवलं होतं. १९०६ ला फोन इमारतीच्या बाहेरून झाला.

कारण साधं निघालं. झोपण्याआधी दूध तापवायला ठेवलं होतं, ते उतू जाऊन ज्योत विझली, आणि पेंगलेल्या काकूंच्या लक्षात आलं नाही. खाली उभ्या लोकांपैकी कोणी त्यांना एक शब्द बोललं नाही. कोणीतरी शाल आणून दिली, कोणीतरी चहा. काकू रडायला लागल्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांना रात्री आपल्याकडे नेलं.

३ ऑगस्ट

दुरुस्त पत्रकं छापून आली. पिवळ्या पत्रकात नवी ओळ: ‘बेल वाजवू नका, दार ठोठावा. टॉर्च लांब लावून मग या.’ एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी ज्योत विझली की गॅस आपोआप थांबवणारी शेगडी घ्यावी, असा प्रस्ताव कमिटीने मान्य केला. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सोसायटी निम्मा खर्च देणार.

सुरक्षा एजन्सी माणसं बदलत राहते. म्हणून तिच्या करारात कलम घातलं: नवीन वॉचमनला पहिली रात्रपाळी देण्याआधी मामांबरोबर एक रात्र, सगळ्या पत्रकांसकट. मामांना त्याचे वेगळे पैसे. शेजारच्या सोसायटीने पत्रकं मागितली आहेत. त्यांच्याकडे पाइपचा गॅस नाही आणि जिना दोन बाजूंनी आहे. रविवारी त्यांच्या वॉचमनसोबत बसून त्यांची वेगळी करायची.